बॅटरीचा इशारा आजीला वाचता आला पाहिजे

आमच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. ती सहा वर्षांची असताना तो आढळला. आज ती अकरा वर्षांची आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, जेवणाआधी मोजमाप, दप्तरात ग्लुकोजची पुडी, हे सारे आमच्या घरात दात घासण्याइतके नेहमीचे झाले आहे. गेल्या वर्षी काही पैसे साठवून, काही नातेवाइकांकडून घेऊन आम्ही तिच्यासाठी दंडाला लावायचा साखर मोजणारा सेन्सर घेतला. हा लेख त्या सेन्सरच्या बॅटरीविषयी आहे. विषय फार लहान वाटेल. पण या लहान विषयाने आम्हाला जे शिकवले, ते समाजबांधवांना सांगितले पाहिजे असे आम्हा दोघा नवरा-बायकोला वाटले, म्हणून हे लिहिणे.

डिसेंबरमधली गोष्ट. आमच्यापैकी एकाची बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी होती. तिथे कामावर जाताना फोन गेटवर जमा करावा लागतो. दुसरी नात्यातल्या लग्नासाठी वर्ध्याला गेली होती. मुलगी आजीजवळ होती. सायंकाळी ती दीड तास कबड्डी खेळून आली, जेवली, इन्सुलिन घेऊन झोपली. रात्री साडेनऊला वर्ध्यात फोनवर पाहिले तेव्हा साखर १४२ होती. छान आहे म्हणून आम्ही निश्चिंत झालो. साखर कमी झाली तर फोन वाजेलच, हा भरवसा होता.

फोन वाजला नाही.

रात्री अडीचच्या सुमारास आजी पाणी प्यायला उठली. नातीच्या कपाळावरून हात फिरवायची तिची जुनी सवय. नागपूरच्या डिसेंबरच्या थंडीत पोरीचे कपाळ, मान, फ्रॉक, सगळे घामाने भिजलेले. हाक मारली तर ती काहीतरी असंबद्ध बोलली. आजीने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पाण्यात साखर ढवळली, पोरीला उठवून बसवले आणि घोट घोट पाजले. मग शेजारच्या मुलाला उठवून ग्लुकोमीटरने बोटाचे रक्त तपासायला लावले. आकडा आला ४६. पंधरा मिनिटांनी ७१. त्यानंतर पोरीने पोळी-दूध खाल्ले आणि झोपली. आजी मात्र उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसून होती.

सकाळी आम्ही घरी आलो. सेन्सर का वाजला नाही ते शोधू लागलो, तेव्हा आजी म्हणाली, "रात्री फोनवर बॅटरीचं काहीतरी आलं होतं ना, म्हून मी त्याले चार्जिंगले लावून देलं."

फोन खरोखरच चार्जिंगला लावलेला होता. शंभर टक्के चार्ज. पण संपत आली होती ती फोनची बॅटरी नव्हे, मुलीच्या दंडावरच्या ट्रान्समीटरची. पडद्यावर इंग्रजीत संदेश आला होता, सोबत बॅटरीचे लाल चिन्ह होते. आजीला ते चिन्ह ओळखीचे होते. तिने त्याचा जो अर्थ कुणीही लावेल तोच लावला. दहाच्या सुमारास ट्रान्समीटर बंद पडला आणि त्यानंतर साडेचार तास त्या फोनला आमच्या मुलीविषयी काहीच माहीत नव्हते.

चूक कुणाची?

पहिली चूक आमची. मागच्या खेपेला सेन्सर बदलताना घरात लाइट गेली होती. ट्रान्समीटर अर्धवट चार्ज झालेला असूनही आम्ही तसाच लावला. शिवाय आकडे येणे थांबले तर दुरून पाहणाऱ्या फोनवरही इशारा वाजावा, अशी सोय ॲपमध्ये होती. ती आम्ही कधी सुरूच केली नव्हती. खेळून आल्यावर कित्येक तासांनीही साखर घसरू शकते, हे डॉक्टरांनी सांगितले होते. तेही त्या गडबडीत विसरलो.

पण आजी चुकली, असे कुणी म्हणाले तर ते आम्ही मान्य करणार नाही. आमची आजी वर्षावासात विहारात ग्रंथवाचन करते. अवघड शब्द आला तर थांबून त्याचा अर्थ सांगते. तिला वाचता येते. तिला इंग्रजी येत नाही, एवढेच. ज्या यंत्रावर एका लेकराचा जीव सोपवला आहे, ते यंत्र तिच्याशी तिला न कळणाऱ्या भाषेत बोलले आणि आपले काम झाले असे समजून गप्प बसले. हा दोष आजीचा कसा?

हे यंत्र चालते कसे

ज्यांनी हा सेन्सर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दंडावर किंवा पोटावर एक छोटी चकती चिकटवतात. तिच्या खाली केसाएवढी बारीक तार कातडीच्या आत जाते. ती रक्तातली नव्हे, तर पेशींच्या भोवतीच्या द्रवातली साखर मोजते. त्यामुळे तिचा आकडा रक्ताच्या आकड्यापेक्षा काही मिनिटे मागे असतो. ही मोजणी दर एक ते पाच मिनिटांनी होते आणि आकडा ब्लूटूथने फोनकडे किंवा वेगळ्या रीडरकडे जातो. साखर ७० च्या खाली जाऊ लागली की फोन वाजतो. इन्सुलिन घेणाऱ्याला खरी भीती रात्रीच्या झोपेत साखर उतरण्याची असते, म्हणून हा इशारा लाखमोलाचा.

हे सगळे बॅटरीवर चालते, आणि ती तीन प्रकारची असते. काही सेन्सर दहा किंवा चौदा दिवसांनी पूर्णच फेकायचे असतात. त्यांची बॅटरी आतच बंदिस्त असते, ती चार्जही करता येत नाही आणि बदलताही येत नाही. काहींत सेन्सर दर थोड्या दिवसांनी बदलायचा, पण वरचा ट्रान्समीटर तोच वापरायचा. त्याची बॅटरी सुमारे तीन महिने चालते आणि मग नवा ट्रान्समीटर घ्यावा लागतो. तिसऱ्या प्रकारात ट्रान्समीटर दर वेळी सेन्सर बदलताना चार्ज करून घ्यायचा असतो. आमचा हा तिसरा. आपला प्रकार कोणता हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे, कारण "बॅटरी लो" या दोन शब्दांचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. पहिल्यात नवा सेन्सर तयार ठेवायचा, दुसऱ्यात नवा ट्रान्समीटर मागवायचा, तिसऱ्यात चार्जर शोधायचा. आणि या तिन्हींशिवाय चौथी बॅटरी फोनची. फोन बंद पडला तर दंडावरचे यंत्र ठणठणीत असूनही आपल्याला काही कळणार नाही.

गप्प बसलेले यंत्र

आमचा मुख्य मुद्दा हा आहे की फोन वाजला नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, साखर ठीक आहे. दोन, यंत्र मेले आहे. झोपलेल्या माणसाला हे दोन्ही सारखेच वाटतात. आमच्या घरात त्या रात्री तेच झाले.

हे आमच्यासारख्या साध्या घरातच घडते असे नाही. अमेरिकेत २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस डेक्सकॉम या कंपनीची संगणकयंत्रणा बिघडली. मुलांचे आकडे आईबापांच्या फोनवर पोचेनासे झाले. रात्री बिघाड झाला आणि कंपनीने तो कळवण्याआधीच कित्येक पालक फोन वाजत नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे समजून झोपून गेले होते. २०२४ मध्ये टँडेम कंपनीच्या इन्सुलिन पंपाबाबत तर बॅटरीचीच तक्रार होती. आयफोनवरचे तिचे ॲप बंद पडून पुन्हा पुन्हा सुरू होत असे, त्यामुळे पंपाशी ब्लूटूथचे बोलणे अति वाढे आणि पंपाची बॅटरी अपेक्षेआधीच संपून पंप बंद पडे. त्यातून इजा झाल्याच्या २२४ तक्रारी नोंदल्या गेल्या आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला सर्वांत गंभीर श्रेणी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्रशासनाने मधुमेहाच्या उपकरणांचे इशारे फोनवर न वाजण्याबद्दल लोकांना सावध केले. फोनची सिस्टिम अपडेट होणे, ब्लूटूथचे हेडफोन किंवा गाडी जोडली जाणे, फोन शांत ठेवायची सेटिंग, अशा साध्या कारणांनीही इशारा दबतो.

या उदाहरणांतून आम्ही "यंत्र वाईट" असा अर्थ काढत नाही. सेन्सर घेतल्यापासून आमच्या मुलीची साखर कितीतरी वेळा वेळेवर सावरली. तिच्या बोटांना टोचणे कमी झाले. आम्ही तो सोडणार नाही. पण यंत्र आपला शेवटचा श्वास कसा कळवते, हा त्याच्या गुणवत्तेचाच भाग आहे, असे आमचे ठाम मत आहे. साखरेचा अचूक आकडा देण्यासाठी जेवढी मेहनत घेतली जाते, तेवढीच "मी आता बंद पडतो आहे" हे सांगण्यासाठी घेतली गेली पाहिजे.

आमच्या मागण्या

पहिली मागणी भाषेची. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनवर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, असे मानक भारतीय मानक ब्युरोने २०१६ मध्येच केले आहे. म्हणजे फोन मराठी दाखवू शकतो. त्याच फोनवर बँकेचा संदेश मराठीत येतो, गॅस सिलिंडरचा येतो. मग जीव वाचवणारा इशारा मराठीत का येऊ नये? "मुलीच्या दंडावरच्या यंत्राची बॅटरी संपत आली आहे. एवढ्या तासांनी साखरेचे आकडे येणे बंद होईल." या दोन वाक्यांना कितीसा खर्च लागणार आहे? आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी तो बोलून सांगावा. सोबतच्या पुस्तिकेतही निदान इशाऱ्यांचे पान मराठीत असावे.

दुसरी मागणी आवाजाची आणि चिन्हाची. यंत्राच्या बॅटरीचे चिन्ह फोनच्या बॅटरीसारखे असता कामा नये. त्याचा आवाजही निराळा हवा. तो इशारा मध्यरात्री नव्हे, शक्य तेवढा दिवसाउजेडी, घरची माणसे जागी असताना, पुरेसा आधी यावा. आणि यंत्र बंद पडलेच, तर घरातल्याच नव्हे, दूरच्या फोनवरही ते कळावे. ही सोय सेटिंगमध्ये शोधावी लागू नये; ती पहिल्यापासून सुरूच असावी.

तिसरी मागणी पैशाची. चौदा दिवसांच्या एका सेन्सरला आपल्याकडे साधारण चार-पाच हजार रुपये पडतात. महिन्याला दोन. आमच्यासारख्या घरात हा किराण्याहून मोठा खर्च आहे. अशा वेळी चौदा दिवस चालायचा सेन्सर दहाव्या दिवशी बॅटरीने दगा देऊन बंद पडला, तर गेलेले चार दिवस कुणाचे? कंपन्या तक्रार केल्यावर बदलून देतात, पण त्यासाठी इंग्रजीत अर्ज, इंग्रजीत फोन. गरीब माणूस तिथेच हात टेकतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. घरी रोज लागणाऱ्या सेन्सरचा भार घरावरच पडतो. इंग्लंडमध्ये मार्च २०२२ पासूनची मार्गदर्शक सूचना अशी आहे की टाइप १ मधुमेह असलेल्या सर्वांना असा सेन्सर देऊ करावा, आणि तिथे तो सरकारी आरोग्यसेवेतून मिळतो. विशेष म्हणजे त्याच सूचनेत असेही म्हटले आहे की यंत्र बंद पडल्यास उपयोगी पडावे म्हणून बोटाचे रक्त तपासण्याच्या पट्ट्याही रुग्णाला द्याव्यात. आपल्याकडे सगळ्यांना सेन्सर उद्याच मिळेल असे नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक मुलाला शासनाने निदान पुरेशा पट्ट्या मोफत द्याव्यात, ही मागणी आजच करण्यासारखी आहे.

आपल्या समाजात अशी मुले किती, असे कुणी विचारेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक लोक आहेत. त्यातल्या बहुतेकांना सेन्सरची गरज नाही; गोळ्या घेणाऱ्याने हौसेखातर तो लावावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. पण इन्सुलिनवर असलेली मुले, तरुण, गरोदर स्त्रिया आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. जे सेन्सर वापरतात, त्यांच्या घरी इशारा वाचणारा माणूस पुष्कळदा आजी-आजोबाच असतात, कारण कमावती माणसे कामावर असतात.

घरात आपण काय करावे

कंपनी बदलेल, शासन ऐकेल, तेव्हा ऐकेल. तोवर आम्ही आमच्या घरात पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. ज्यांच्या घरी सेन्सर आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून त्या कराव्यात.

ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरात कायम असाव्यात, पट्ट्यांची मुदत आणि मीटरचा सेल महिन्यातून एकदा पाहावा. सेन्सर आला म्हणून मीटर माळ्यावर टाकू नये.

सेन्सर किंवा ट्रान्समीटर बदलण्याचा, चार्ज करण्याचा वार ठरवावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. आमचा वार रविवार, सकाळचा. चार्ज पुरा झाल्याचा दिवा लागल्याशिवाय ट्रान्समीटर लावायचा नाही.

झोपण्यापूर्वी शेवटचा आकडा पाहताना तो किती वाजताचा आहे तेही पाहावे. दहा मिनिटांपूर्वीचा आकडा आणि दोन तासांपूर्वीचा आकडा एक नव्हे.

फोन रात्री चार्जिंगला आणि रुग्णाच्या खोलीतच असावा. बऱ्याच यंत्रांचे ब्लूटूथ वीसेक फुटांपलीकडे भरवशाचे नसते. फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग त्या ॲपपुरती बंद ठेवावी, नाहीतर फोन स्वतःच ते ॲप झोपवून टाकतो.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणे, एकाएकी चिडचिड दिसली तर आकड्याची वाट पाहू नये. मीटर हाताशी असेल तर बोटाचे रक्त तपासावे, नसेल तर आधी साखर द्यावी. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून; १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. लहान मुलांसाठी किती द्यायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणि सेन्सर मुदतीआधी बंद पडला तर त्याचा खोका फेकू नये. त्यावरचा क्रमांक, लावल्याची तारीख, बंद पडल्याची वेळ लिहून ठेवावी, पडद्याचा फोटो काढावा. कंपनीला कळवावेच, पण सरकारलाही कळवावे. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवण्यासाठी आपल्या देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तिथे रुग्णालाही तक्रार करता येते. अमेरिकेत २२४ तक्रारी मोजल्या गेल्या, कारण तिथल्या लोकांनी त्या नोंदवल्या. आपण नोंदवणार नाही, तर आपले हाल कुणाच्या हिशेबातच येणार नाहीत. ज्यांना अर्ज भरता येत नाही, त्यांना विहारातल्या कॉलेजच्या मुलामुलींनी मदत करावी. रविवारच्या वंदनेनंतरची पंधरा मिनिटे त्यासाठी पुरतील.

शेवटी एक आठवण. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, त्या त्यांचे पथ्य आणि औषधपाणी सांभाळत. त्या काळी घरी साखर तपासायची म्हणजे लघवीत निळे द्रावण घालून उकळायचे आणि रंग बघायचा. हिरवा, पिवळा, विटकरी. यंत्र नव्हते, तेव्हाही जवळच्या माणसाचे लक्ष होते. आज यंत्र आहे, हे आपले भाग्य. पण यंत्राने त्या जवळच्या माणसाला बाजूला सारू नये. त्याला समजेल अशा भाषेत बोलून त्याची मदत घ्यावी, एवढेच आमचे मागणे.

आता आमच्या कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. त्यावर ॲपमधला प्रत्येक इशारा इंग्रजीत जसा दिसतो तसा काढला आहे, आणि शेजारी मराठीत त्याचा अर्थ व काय करायचे ते. कागद लिहिला मुलीने, तपासला आजीने. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सुचवली: "इथं 'ट्रान्समीटर' नको लिहू, 'दंडावरचं यंत्र' लिही. मंग कोणालेही समजते."

जे आजीला सुचले, ते ही यंत्रे बनवणाऱ्यांनाही सुचावे.

जयभीम.